सेमाडोहचा घाट आणि जड झालेलं स्टिअरिंग

वऱ्हाडच्या सपाट काळ्या जमिनीवर राहणाऱ्या माणसाला डोंगर म्हणजे काय ते परतवाड्याला पोहोचल्यावरच कळतं. अकोल्याहून दर्यापूर, अंजनगाव सुर्जी करत आलं की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कपाशी, तूर आणि संत्र्याच्या बागा दिसतात. परतवाड्याच्या पुढे मात्र समोर सातपुड्याची निळसर भिंत उभी राहते. धारणीकडे जाणारा रस्ता बिहालीवरून या भिंतीवर चढतो. घटांगला एक फाटा चिखलदऱ्याकडे जातो आणि मुख्य रस्ता साग-बांबूच्या जंगलातून सेमाडोहला उतरतो. परतवाड्यापासून हे अंतर पन्नास किलोमीटरच्या आसपास आहे, पण वळणं इतकी आहेत की दीड तास सहज लागतो.

या प्रदेशाचं नावच मेळघाट, म्हणजे घाटांचा मेळ. खंडू, खापरा, सिपना, गडगा आणि डोलार अशा पाच नद्या या डोंगरांतून निघून तापीला मिळतात. सेमाडोह सिपना नदीच्या काठावर आहे. कोरकू भाषेत सिपना म्हणजे साग, आणि काठावरचं सागवान पाहिलं की नदीला हे नाव का मिळालं ते विचारावं लागत नाही. १९७३-७४ मध्ये देशात पहिले नऊ व्याघ्र प्रकल्प झाले, त्यांत मेळघाट होता. पुढे १९८७ मध्ये गुगामल राष्ट्रीय उद्यान झालं. वाघ, अस्वल, गवा, सांबर, रानकुत्रे यांचं हे घर. १९९७ मध्ये आजच्या नंदुरबार जिल्ह्यात शहाद्याजवळ जो रानपिंगळा शंभरहून जास्त वर्षांनी पुन्हा सापडला, ते छोटं घुबडही मेळघाटच्या जंगलात राहतं.

आपल्या वाचकांना या भागाची आणखी एक ओळख असायला हवी. परतवाड्याला लागूनच असलेलं अचलपूर म्हणजे जुनं एलिचपूर. बहमनी सल्तनत मोडकळीला आली तेव्हा १४९० मध्ये फतहुल्लाह इमाद-उल-मुल्क यांनी वऱ्हाडात इमादशाही स्थापन केली, तिची राजधानी हे शहर होतं. १५७४ मध्ये हे राज्य अहमदनगरच्या निजामशाहीत गेलं. चिखलदऱ्याजवळचा गाविलगड किल्ला अहमदशाह वली बहमनी यांनी १४२५ मध्ये बांधून घेतला. डिसेंबर १८०३ मध्ये इंग्रज सेनापती आर्थर वेलस्ली यांनी तो भोसल्यांकडून जिंकला. त्या काळी तोफा आणि रसद याच डोंगरांतून माणसांच्या आणि बैलांच्या बळावर चढवली गेली. आज आपण मोटारीत बसून एका हाताने चाक फिरवत हेच डोंगर चढतो. त्या सोयीमागे काय काय काम करत असतं, याचा विचार ती सोय बंद पडेपर्यंत सहसा होत नाही.

दिवाळीच्या सुट्टीतली सफर

आमच्या उर्दू शाळेला दिवाळीची सुट्टी लागली आणि अम्मींनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, सेमाडोहचा विषय काढला. त्यांचे वडील परतवाड्याच्या लाकूड डेपोत मुनीम होते. सागाचे ओंडके आणायला जाणाऱ्या लॉरीतून त्यांनी एकदा लेकीला सेमाडोहला नेलं होतं. तेव्हा त्या आठ-नऊ वर्षांच्या असतील. नदीत पाय सोडून बसल्याचं आणि परत येताना लॉरीत झोप लागल्याचं त्यांना अजून आठवतं. आता वय पंच्याहत्तर, गुडघे दुखतात. "पुन्हा एकदा सिपना पाहायची आहे," एवढंच त्या म्हणाल्या.

आम्ही पाच जण निघालो. अम्मी, मी, मुलांचे अब्बू, दहावीतली मुलगी आणि सहावीतला मुलगा. मुलांच्या अब्बूंच्या खांद्याचं ऑपरेशन झाल्यापासून ते लांबचं ड्रायव्हिंग करत नाहीत. मी रोज शाळेसाठी गाडी चालवते, त्यामुळे चाक माझ्याच हातात होतं. गाडी साधी, छोटी, नऊ वर्षांची. निघण्याआधी टायरची हवा, ऑइल, ब्रेक, कूलंट सगळं तपासून घेतलं होतं. परतवाड्यात जोहरची नमाज झाली, डबे उघडून जेवण झालं आणि आम्ही घाटाला लागलो.

घटांगच्या पुढे उताराच्या एका वळणावर स्टिअरिंग एकाएकी जड झालं. हात वळवतेय, पण चाक नेहमीच्या मानाने निम्मंच फिरतंय. दोन्ही हातांनी जोर लावला तेव्हा गाडी वळली. त्याच वेळी समोरच्या पॅनलवर स्टिअरिंगच्या चाकाचं चित्र आणि शेजारी उद्गारचिन्ह असा पिवळा दिवा लागला. पुढे थोडी रुंद जागा दिसली तिथे गाडी बाजूला घेतली, हँडब्रेक लावला, मुलाला मागच्या चाकामागे दगड ठेवायला सांगितलं.

इंजिन बंद केलं. पाच मिनिटांनी पुन्हा सुरू केलं तर दिवा गायब आणि स्टिअरिंग पूर्वीसारखं हलकं. सगळ्यांनी शुक्र अदा केला. पण दोनेक किलोमीटर गेलो नाही तोच पुन्हा तेच. बंद-चालू केलं की हलकं, काही मिनिटांनी जड. घाटात याचा धोका जडपणापेक्षा अचानकपणात असतो. हाताला हलक्या चाकाची सवय झालेली असते आणि ऐन वळणात ते जड होतं. गाडी दरीच्या बाजूला सरकायला तेवढा क्षण पुरतो. उरलेला रस्ता मी ताशी पंधरा-वीसच्या वेगाने, दुसऱ्या गिअरमध्ये, दोन्ही हात चाकावर घट्ट ठेवून उतरवला. अम्मी मागे पुटपुटत दुआ पढत होत्या. असरच्या वेळेला सेमाडोह आलं.

हे चाक हलकं कशाने होतं?

पुढचं समजण्यासाठी थोडी माहिती हवी. स्टिअरिंगचं चाक, त्याखालचा दांडा, दात्यांची पट्टी आणि पुढची चाकं यांची जोडणी पूर्णपणे लोखंडी असते. ती वीज गेली तरी तुटत नाही. म्हणूनच मदत बंद पडली तरी गाडी वळते, फक्त जोर जास्त लागतो. जोर कमी लागावा म्हणून जी व्यवस्था असते तिला पॉवर स्टिअरिंग म्हणतात. जुन्या पद्धतीत इंजिनच्या पट्ट्यावर चालणारा पंप तेलाचा दाब तयार करतो. अमेरिकेत क्रायस्लर कंपनीने १९५१ मध्ये अशी व्यवस्था असलेली मोटार बाजारात आणली. विजेच्या मोटरवर चालणारं पॉवर स्टिअरिंग १९८८ मध्ये जपानमध्ये सुझुकीच्या सर्व्हो या छोट्या गाडीत आलं. आपल्याकडच्या छोट्या गाड्यांमध्ये आता बहुधा हेच असतं.

या विजेच्या स्टिअरिंगला तीन गोष्टी लागतात. पहिली, तुम्ही किती जोर लावताय याची खबर. स्टिअरिंगच्या दांड्यात एक बारीक लवचीक सळई असते. चाक फिरवलं की ती किंचित पिळली जाते. तो पीळ मोजणाऱ्या भागाला टॉर्क सेन्सर म्हणतात. दुसरी गोष्ट, गाडी किती वेगाने चालली आहे याची खबर. ती स्पीड सेन्सर देतो. तिसरी, भरपूर वीज. हेडलाइटचा एक बल्ब पाच अँपिअरच्या आसपास वीज घेतो, तर उभ्या गाडीचं स्टिअरिंग पूर्ण वळवताना ही मोटर त्याच्या कितीतरी पट घेते. बॅटरी किंवा अल्टरनेटर कमजोर असला तर पहिला फटका इथे बसतो.

वेगाची खबर का लागते? गाडी उभी असताना टायर जमिनीला घासतो, म्हणून वळवायला सर्वांत जास्त मदत लागते. वेग वाढला की चाकं सहज वळतात. तेव्हा तेवढीच मदत दिली तर स्टिअरिंग इतकं हलकं होईल की हायवेवर शिंक आली तरी गाडी दुसऱ्या लेनमध्ये जाईल. म्हणून छोटा संगणक वेग पाहून मदतीचं माप ठरवतो. वेगच कळेनासा झाला तर काय करायचं, हे बनवणाऱ्यांनी आधीच ठरवून ठेवलेलं असतं. काही गाड्यांत मदत कमी होते, काहींत ती बंद होते आणि पिवळा दिवा लागतो.

जिप्सीवाला मुलगा

सेमाडोहला वनखात्याचं पर्यटन संकुल आहे. आमची खोली तिथेच घेतलेली होती. सामान उतरवलं आणि मुलांच्या अब्बूंनी शहरातल्या एका मोठ्या वर्कशॉपला फोन लावला. नेटवर्क येत-जात होतं. पलीकडून सांगण्यात आलं की स्टिअरिंगचा दिवा लागतोय म्हणजे बहुतेक आख्खा कॉलम बदलावा लागेल, तीस-चाळीस हजार धरून चाला, गाडी टो करून आणा. गाडी न पाहता, एकही प्रश्न न विचारता हे उत्तर मिळालं. शिक्षकाच्या घरात तीस-चाळीस हजार म्हणजे मुलीच्या अकरावीच्या प्रवेशाचे पैसे. शिवाय जंगलातून टो करण्याचा खर्च वेगळा.

संकुलाच्या चौकीदारांनी एका मुलाला बोलावलं. पंचविशीचा कोरकू तरुण, सफारीची जिप्सी चालवतो, आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा कोर्स केलेला. आल्या आल्या त्याने बॉनेट उघडलं नाही. आधी विचारत बसला.

"मॅडम, जड झालं तवा दिवा लागला होता का?"

"हो, पिवळा."

"बंद करून चालू केलं तं हलकं होते?"

"होतं, पण थोड्याच वेळासाठी."

"आन् स्पीडचा काटा? थो चालून राह्यला होता का नाही?"

मी घाटात रस्त्याकडे पाहत होते. उत्तर मागून आलं. मुलगी म्हणाली, "अम्मी, काटा घटांगपासून शून्यावरच होता. मला वाटलं आपण फारच हळू जातोय."

मुलगा हसला. "मंग अर्धं काम झालं. गाडीले मालूमच नाही का ते चालून राह्यली. इंजिन फिरते, पन चाल शून्य. काही वेळ वाट पाह्यते, मंग मदत बंद करते."

बंद-चालू केल्यावर हलकं का व्हायचं याचा उलगडाही यातच होता. गाडी नुकती सुरू झाली की वेग शून्य असणं स्वाभाविकच असतं, म्हणून संगणक मदत देतो. इंजिन जोरात फिरतंय आणि तरीही वेगाची खबर शून्यच, असं ठरावीक वेळ चाललं की तो बिघाड नोंदवतो आणि हात काढून घेतो.

तपासाचा क्रम

अंदाज बरोबर वाटत असला तरी तो त्यावर थांबला नाही. त्याचा क्रम मी वहीत उतरवून घेतला, कारण वर्गात विज्ञान शिकवताना आपण जे निरीक्षण, अंदाज आणि पडताळणी म्हणतो, तेच तो जमिनीवर बसून करत होता.

आधी टायरची हवा. पुढच्या टायरमध्ये हवा कमी असली तरी स्टिअरिंग जड होतं. हवा बरोबर होती. मग पुढची दोन्ही चाकं जॅकवर आणि लाकडी ठोकळ्यांवर उचलून, इंजिन बंद ठेवून स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं. जमिनीचा घास नसताना ते सहज, न अडकता फिरलं. म्हणजे दांडा, सांधे, पट्टी यांत काही अडकलेलं नव्हतं. इथे जर ते जड लागलं असतं, तर दोष लोखंडी भागात आहे आणि विजेच्या मागे लागण्यात अर्थ नाही, असं समजायचं.

मग बॅटरी. त्याच्याकडे जुना मल्टिमीटर होता. इंजिन बंद असताना १२.५ व्होल्ट, चालू असताना १४ व्होल्ट. म्हणजे बॅटरी आणि अल्टरनेटर दोन्ही ठीक. बॅटरीची टोकं आवळलेली, पांढरी बुरशी नाही. स्टिअरिंगचा आणि मीटरचा फ्यूज काढून पाहिला, दोन्ही शाबूत.

शेवटी स्पीड सेन्सर. आमच्या गाडीत तो गिअरबॉक्सवर बसवलेला आहे. आत प्लॅस्टिकचा छोटा दातेरी गिअर असतो, तो चाकांबरोबर फिरतो. वरच्या भागात चुंबक आणि त्याची हालचाल ओळखणारी चकती. प्रत्येक फेरीला ठरावीक ठोके विजेच्या रूपाने बाहेर पडतात आणि ते मोजून काटा हलतो. तारा तीन: एक वीज आणणारी, एक अर्थिंगची, एक खबर नेणारी. पहिलीवर १२ व्होल्ट आले. अर्थिंग चांगलं होतं. तिसऱ्या तारेवर मीटर लावून, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून त्याने उचललेलं एक चाक हळूहळू हाताने फिरवायला माझ्या मुलाला सांगितलं. दुसरं चाक तेवढ्यात जमिनीवर टेकवलं होतं. मीटरवरचा आकडा वरखाली व्हायला हवा होता. तो हललाच नाही.

तरीही एक शंका उरते. आतला प्लॅस्टिकचा गिअर झिजला असेल तर सेन्सर चांगला असूनही फिरणार नाही. म्हणून त्याने एक बोल्ट काढून सेन्सर बाहेर घेतला. गिअरचे दाते धड होते. कनेक्टर जोडलेला ठेवून त्याने गिअर बोटांनी फिरवला. आकडा तसाच. आता शंका राहिली नाही. टॉर्चच्या उजेडात पाहिलं तेव्हा सेन्सरच्या प्लॅस्टिकला कनेक्टरजवळ केसाएवढा तडा दिसला, आत ओल गेल्याचा हिरवट डाग.

"कॉलमले काही झालं नाही मॅडम. हे एवढुसंच खराब हाये," तो म्हणाला. त्याच्या तळहातावर अंगठ्यापेक्षा थोडी मोठी वस्तू होती.

मगरीबची वेळ झाली होती. त्याने उघडी जागा प्लॅस्टिकच्या कागदाने बांधून झाकली, परतवाड्याच्या एका स्पेअर पार्टच्या दुकानात फोन करून जुन्या सेन्सरवरचा नंबर वाचून दाखवला आणि उद्याच्या एसटीने पाठवायला सांगितलं.

सिपनेच्या काठावर एक दिवस

पार्ट येईपर्यंतचा वेळ आम्हाला जंगलाने दिला. सकाळी धुकं होतं. लंगूर छपरांवर बसून ऊन घेत होते. संकुलातलं निसर्ग माहिती केंद्र मुलांनी पाहिलं. तिथे मेळघाटातली झाडं, प्राणी, पायांचे ठसे यांची माहिती आहे. मग त्याच मुलाने आपल्या जिप्सीतून आम्हाला कोलकासपर्यंत नेलं. तिथे सिपना मोठं वळण घेते. अम्मी काठावरच्या खडकावर बसल्या, चपला काढल्या आणि पाय पाण्यात सोडले. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग नातवाला सांगू लागल्या की त्यांच्या लहानपणी लॉरी नदीतूनच पलीकडे जायची आणि अब्बाजान ओंडक्यांवर कोळशाने नंबर टाकायचे.

जिप्सीवाल्या मुलाने कोरकू भाषेतले काही शब्द मुलांना शिकवले. कोरकू ही मराठी किंवा हिंदीच्या कुळातली नाही, मुंडा कुळातली आहे. झारखंडातली मुंडारी, संताळी या तिच्या बहिणी. तो घरी कोरकू बोलतो, आमच्याशी वऱ्हाडी, पर्यटकांशी हिंदी. माझ्या शाळेतल्या मुली घरी दखनीच्या वळणाची उर्दू बोलतात, बाजारात वऱ्हाडी, पुस्तकात वेगळी उर्दू आणि वेगळी मराठी वाचतात. घरची भाषा वेगळी म्हणून शाळेत मागे पडलेली मुलं मी पाहिली आहेत. हा मुलगाही दहावीला एकदा नापास झाला होता, हे त्याने सहज सांगितलं. "पुस्तकातली मराठी समजेच ना. आयटीआयमंधी हातात नट-बोल्ट देल्ला, मंग समजाले लागलं." शिक्षिका म्हणून हे वाक्य मी घरी घेऊन आले.

सेमाडोहची रबडी प्रसिद्ध आहे. मेळघाटात गवळी समाजाची वस्ती आहे, म्हशी जंगलात चरतात आणि त्या घट्ट दुधाचा खवा आणि रबडी इथे मिळते. रस्त्याकडेच्या दुकानात मोठ्या कढईत दूध आटत असतं. पानाच्या द्रोणात रबडी घेऊन आम्ही बाकावर बसलो. साखर वाढलेली असूनही अम्मींनी दोन चमचे घेतले, आणि कोणी त्यांना अडवलं नाही.

दुरुस्ती

दुपारी परतवाड्याहून धारणीकडे जाणारी एसटी थांबली. कंडक्टरने खिडकीतून हात बाहेर काढून छोटं पाकीट दिलं. सेन्सरची किंमत हजार रुपयांच्या आत होती.

बसवायला अर्धा तास लागला. त्याने आधी बॅटरीचं काळं टोक सोडलं. जागा कापडाने पुसली, म्हणजे गिअरबॉक्समध्ये माती जाऊ नये. नव्या सेन्सरच्या रबरी रिंगला थोडं गिअर ऑइल लावलं, दाते जुळेपर्यंत हलक्या हाताने फिरवत खाली बसवला आणि बोल्ट बेताचा आवळला. "लय आवळलं तं प्लॅस्टिक फुटते," तो म्हणाला. कनेक्टरच्या पिना साफ करून टक आवाज येईपर्यंत दाबला. तार इंजिनच्या गरम भागाला घासणार नाही अशी क्लिपमध्ये बसवली.

पुन्हा चाक उचलून हाताने फिरवलं. या वेळी मीटरवरचा आकडा शून्य आणि वर असा नाचू लागला. माझा मुलगा टाळ्या वाजवायला लागला. मग हरिसालच्या दिशेने आम्ही दोघं गाडी घेऊन निघालो, तो शेजारी बसला. काटा हलला, वीस, तीस, चाळीस. वीस मिनिटं वळणावळणाने चालवली. दिवा लागला नाही, स्टिअरिंग जड झालं नाही. तेव्हाच त्याने "आता उतरा घाट" असं म्हटलं.

त्याने मागितलेली मजुरी इतकी कमी होती की मुलांच्या अब्बूंनी आग्रहाने जास्त दिली. अम्मींनी त्याच्या डोक्यावर हात ठेवून दुआ दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी, उजेडात, आम्ही घाट चढून-उतरून दुपारी जोहरला परतवाड्यात होतो. अकोल्यात स्कॅनर लावला तेव्हा जुना कोड नोंदीत होता, पी०५००. वेगाची खबर मिळत नाही, असा त्याचा अर्थ. तो पुसून टाकला, पुन्हा आला नाही. जुना सेन्सर मी शाळेच्या विज्ञानाच्या कपाटात ठेवला आहे. नववीला वीज आणि चुंबकत्व शिकवताना तो वर्गात फिरतो.

घरातल्यांनी लक्षात ठेवण्यासारखं

गाडी चालवणाऱ्या आणि न चालवणाऱ्या दोघांनाही उपयोगी पडाव्यात अशा काही गोष्टी देते.

इंजिन बंद असताना स्टिअरिंग जड असणं हा बिघाड नाही. इंजिन चालू असूनही जड असेल आणि दिवा लागला असेल तर दोष विजेच्या बाजूला असण्याची शक्यता जास्त. दिवा न लागता जड असेल तर आधी टायरची हवा, मग लोखंडी सांधे पाहावेत. जुन्या पद्धतीचं तेलावर चालणारं स्टिअरिंग असेल तर तेलाची पातळी आणि पंपाचा पट्टा.

स्टिअरिंगच्या दिव्याबरोबर स्पीडचा काटा शून्यावर असेल किंवा उड्या मारत असेल तर मेकॅनिकला हे पहिल्यांदा सांगा. नव्या गाड्यांमध्ये वेग चाकाजवळच्या एबीएस सेन्सरवरून मोजला जातो. तिथे बिघाड झाला तर एबीएसचा दिवाही सोबत लागतो. काटा नीट आणि फक्त स्टिअरिंगचा दिवा, तर टॉर्क सेन्सर, वायरिंग किंवा मोटर पाहावी लागते. टॉर्क सेन्सर बहुधा कॉलममध्येच बसवलेला असतो, तेव्हा खर्च खरोखर मोठा होऊ शकतो. पण ते कोड वाचल्यावर आणि मोजल्यावर ठरावं.

उभ्या गाडीत स्टिअरिंग पुन्हापुन्हा टोकापर्यंत वळवून दाबून धरलं तर मोटर तापते आणि स्वतःला वाचवण्यासाठी मदत कमी करते. थोडा वेळ थांबलं की ती पूर्ववत होते.

चालत्या गाडीत चावी बंद करून "रीसेट" करायचा प्रयत्न कधीही करू नका. ब्रेकची मदत जाते आणि स्टिअरिंग लॉकही होऊ शकतं. घाटात असं झालं तर वेग कमी करा, लहान गिअर ठेवा, दोन्ही हात चाकावर ठेवा, रुंद जागा पाहून थांबा. शेजारी बसलेल्यांनी ओरडू नये, पॅनलवर कोणता दिवा लागला आणि काटा कुठे आहे ते पाहून ठेवावं. आमच्याकडे ते काम दहावीतल्या मुलीने केलं.

आणि मेकॅनिक किती मोठ्या दुकानात बसतो यापेक्षा तो आधी विचारतो का, मोजतो का, जुना पार्ट हातात देऊन दोष दाखवतो का, हे पाहा. दुरुस्ती झाल्यावर गाडीत बसून सोबत फेरी मारायला तयार असेल तर उत्तमच.

सेमाडोहला जायचं असेल तर पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरनंतर जा. तेव्हा नदीला पाणी आणि जंगलाला हिरवेपण असतं. परतवाड्यात टाकी भरून घ्या, रोख पैसे जवळ ठेवा, खोली आधी आरक्षित करा, अंधार पडण्याआधी पोहोचा. रस्त्यात गवा दिसला तर हॉर्न न वाजवता थांबा. लंगुरांना खाऊ देऊ नका. घरात कोणी वडीलधारं असेल आणि त्यांच्या मनात एखादी नदी असेल, तर त्यांना सोबत न्या. गाडीचं काही झालंच, तर इन्शाअल्लाह तिथेही मोजून पाहणारं कोणी भेटेल.